दहा महिन्यांच्या पगाराएवढे कर्ज: एका परतफेड आराखड्याची दोन वर्षे

प्रकरण एका नोकरदार जोडप्याचे आहे. बाई एका कार्यालयात हिशेब विभागात कायम नोकरीला, नवरा कंत्राटी कामावर, घरात शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. नवऱ्याचे काम अर्ध्यावर आले, घरात येणारा पैसा आटला, खर्च मात्र होता तिथेच राहिला. सुरुवातीला महिन्याकाठी थोडेच कमी पडायचे, ते क्रेडिट कार्डावर भागायचे. पुढे एका कार्डाचे बिल भरायला दुसऱ्या कार्डावरून पैसे काढणे सुरू झाले. मग वैयक्तिक कर्ज, आणि शेवटी फोनवर मिनिटांत मिळणारे झटपट कर्ज. बाई समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा या सगळ्याला अडीच वर्षे झाली होती. यात उधळपट्टी कुठेच नव्हती. हे आधीच सांगते, कारण कर्जबाजारी माणसाकडे बघताना पहिला संशय तोच घेतला जातो आणि तो माणूस स्वतःही तेच मानू लागतो.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आकडे कुठल्याही चलनात वाचता यावेत यासाठी, दोघांचे मिळून दरमहा हातात पडणारे उत्पन्न १०० धरले आहे. म्हणजे ३१० लिहिले की तीन महिन्यांच्या उत्पन्नाहून थोडे जास्त, असे समजावे.

पिशवीतली पाकिटे

पहिल्या भेटीत त्यांनी टेबलावर एक कापडी पिशवी ठेवली. आत बँकांची पाकिटे होती, त्यातली निम्मी न फोडलेली. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब पै न पै जुळवणारी बाई स्वतःच्या नावाचे पाकीट उघडायला धजावत नव्हती. आम्ही ती एकेक करून फोडली, प्रत्येक संस्थेचे सर्वांत अलीकडचे विवरणपत्र वर ठेवले आणि बाकीचे मागे लावले. तासाभरात चित्र उभे राहिले.

पहिल्या कार्डावर ३१०, व्याज महिना ३ टक्के. दुसऱ्यावर १९०, महिना ३.५ टक्के. तिसऱ्यावर १००, महिना ३ टक्के. वैयक्तिक कर्जाचे ३६० शिल्लक, महिना १.२५ टक्के, हप्ता १२. झटपट कर्ज ४०, महिना ४ टक्के. बेरीज १०००. याशिवाय थोरल्या दिरांकडून बिनव्याजी घेतलेले उसने १००.

तिसऱ्या कार्डाचे पाकीट फोडताना त्या म्हणाल्या, "हे यांना माहीत नाही." पुढच्या भेटीला दोघांनी एकत्र यावे, एवढाच आग्रह मी धरला. घरातल्या एकाला ठाऊक नसलेले कर्ज आराखड्यात बसवता येत नाही. त्याचा हप्ता कुठून तरी गुपचूप जातो, आणि एक दिवस त्या भोकातून सगळा आराखडा गळतो. त्यांनी घरी सांगितले. नवरा दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या खात्याचे कागद घेऊन सोबत आला. त्याच्याही खात्यातून विसरलेल्या दोन वर्गण्यांचे पैसे दर महिन्याला कापले जात होते, ते तेव्हा उघड झाले.

किती उरते

बाईंनी घरखर्चाचा तक्ता करून आणला होता. भाडे २४, किराणा आणि घरखर्च १७, वीज-पाणी-फोन ७, प्रवास ६, मुलीची शाळा ७, सासूबाईंची औषधे ३, विमा २. एकूण ६६, शिल्लक ३४. गेले वर्षभर फोनवर वसुलीवाल्यांना त्या याच ३४ च्या भरवशावर शब्द देत होत्या आणि जवळजवळ प्रत्येक शब्द दुसऱ्या महिन्यात मोडत होता.

मला या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती हीच जागा. कर्जात बुडालेला माणूस खर्चाचा तक्ता प्रायश्चित्त घेतल्यासारखा लिहितो. किराणा कमी, प्रवास कमी, औषधे आहेत त्याच्या निम्मी, कपडे आणि दुरुस्ती शून्य. असा तक्ता बघून वसुलीवाला खूश होतो, पण तो जगता येत नाही. आम्ही मागच्या तीन महिन्यांची बँकेची नोंद घेऊन प्रत्येक रक्कम खऱ्या खर्चाशी ताडून पाहिली. किराणा आणि घरखर्च २२ निघाला, प्रवास ८, औषधे ५. एकूण ७५. त्यावर वर्षातून एकदोनदा येणाऱ्या खर्चांसाठी, म्हणजे शाळेची वार्षिक फी, चष्मा, बिघडलेली वस्तू यांसाठी, दरमहा ४ वेगळे ठेवले. उरले २१.

"एवढेच? हे तर त्यांना पटणारच नाही," बाई म्हणाल्या. पटो न पटो, खरा आकडा तोच होता. संस्था मागत होत्या ५२: तीन कार्डांची ५ टक्क्यांप्रमाणे किमान देय रक्कम ३०, वैयक्तिक कर्जाचा हप्ता १२ आणि झटपट कर्जाचे १०.

आता व्याजाकडे बघा. पाचही कर्जांचे एका महिन्याचे व्याज मांडले तर ९.३०, ६.६५, ३, ४.५० आणि १.६०, मिळून २५.०५. हातात उरतात २१. म्हणजे सगळे २१ प्रामाणिकपणे भरले तरी मुद्दल कमी होणार नाही, उलट देणे दर महिन्याला ४ ने वाढत राहील. सर्वांत महाग कर्ज आधी फेडा, किंवा सर्वांत लहान आधी फेडून उमेद वाढवा, असे दोन सल्ले सगळीकडे दिले जातात. दोन्ही चांगले आहेत, पण हातातली रक्कम व्याजापेक्षा जास्त असेल तेव्हाच. इथे कुठलाही क्रम लावला तरी उत्तर तेच येत होते. व्याज थांबल्याशिवाय किंवा कमी झाल्याशिवाय हे कर्ज फिटणे गणितानेच अशक्य होते. परतफेड आराखड्याची गरज नेमकी अशा ठिकाणी असते.

किमान देय रकमेबद्दलही सांगायला हवे, कारण बाईंची समजूत होती की ती भरली की आपण सुरक्षित. महिना ३ टक्के व्याजाच्या कार्डावर ५ टक्के किमान रक्कम भरत राहिलो आणि कार्ड एकदाही वापरले नाही, तरी थकबाकी निम्मी व्हायला ३२ महिने लागतात.

दुसऱ्या वाटा का सोडल्या

सगळी कर्जे एकत्र करून एकच मोठे कर्ज घेणे, हा पहिला विचार. १००० चे कर्ज महिना १.२५ टक्क्याने ६० महिन्यांसाठी मिळाले असते तर हप्ता २३.८ आला असता, जवळपास परवडणारा. पण हप्ते चुकलेल्या माणसाला तो दर मिळत नाही. महिना २ टक्क्यांनी तोच हप्ता २८.८ होतो. घर किंवा दागिने तारण ठेवले तर दर उतरतो, मात्र विनातारण देण्यासाठी आपण डोक्यावरचे छप्पर पणाला लावतो. माझा या वाटेला विरोध आहे आणि मी तो त्यांच्यापाशी स्पष्ट बोलून दाखवला.

एकरकमी तडजोडीला, म्हणजे देण्यापेक्षा कमी रक्कम एकदम भरून कर्ज मिटवायला, हातात एकरकमी पैसे लागतात, ते नव्हते. शिवाय पतनोंदीत, म्हणजे आपण कर्जे कशी फेडली याच्या नोंदीत, 'तडजोड' हा शेरा राहतो आणि पुढे कर्ज देणारा तो वाचतो. उरली दिवाळखोरी. कायद्याने ती सगळीकडे सारखी उपलब्ध नाही. भारतात २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला सामान्य व्यक्तींसाठीचा भाग अजून लागू झालेला नाही. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच तो २०१९ पासून अमलात आहे. जिथे ही वाट मोकळी आहे तिथेही पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्या नोकरीवर गदा येऊ शकते, आणि बाईंची नोकरी नेमकी तशीच होती. ज्यांच्याकडे महिनाअखेर काहीच उरत नाही त्यांनी मात्र ही वाट लाजेपोटी टाळू नये. पोकळ आराखड्यात पाच वर्षे झिजण्यापेक्षा ती बरी.

परतफेड आराखडा म्हणजे काय, ते थोडक्यात. कर्जदार एक परवडणारी रक्कम ठरवतो, ती सगळ्या विनातारण कर्जांत थकबाकीच्या प्रमाणात वाटली जाते, आणि संस्थांनी व्याज व दंड थांबवावा किंवा कमी करावा अशी विनंती केली जाते. अमेरिकेत ना-नफा समुपदेशन संस्था हे काम कित्येक दशके करत आहेत, त्यांच्या राष्ट्रीय महासंघाची स्थापना १९५१ ची. तिथे आराखडा साधारण ३ ते ५ वर्षांचा असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४ मे २०२१ पासून समुपदेशकामार्फत ६० दिवसांची कायदेशीर उसंत मिळू शकते, त्या काळात बहुतेक कर्जांवरचे व्याज, दंड आणि वसुलीची कारवाई थांबते. असे संरक्षण नसेल तिथे सगळा आराखडा संस्थांच्या संमतीवर उभा असतो. त्या नाही म्हणू शकतात, आणि हे कर्जदाराला पहिल्या दिवशीच सांगितले पाहिजे.

भाडे, वीज, कर आणि तारणावरची कर्जे या वाटपात येत नाहीत. ती आधी आणि पूर्ण भरायची. न भरल्यास घर जाते, वीज तुटते. वैयक्तिक कर्जाचा हप्ता चुकला तर फोन येतात, नोटीस येते, पतनोंद बिघडते, प्रकरण कोर्टातही जाऊ शकते. पण रात्रीत डोक्यावरचे छप्पर जात नाही. गेले वर्षभर बाई नेमके उलटे करत होत्या. जो जास्त ओरडेल त्याला आधी पैसे, आणि घरमालकाला "पुढच्या आठवड्यात".

पत्रांच्या आधीचे एक काम

ज्या बँकेचे पहिले कार्ड होते तिच्यातच बाईंचा पगार जमा व्हायचा. बऱ्याच ठिकाणी करारातल्या अटींमुळे बँकेला थकलेले देणे त्याच बँकेतल्या खात्यातून वळते करून घेता येते. तसे झाले तर महिन्याच्या सुरुवातीलाच भाड्याचे पैसे जातात आणि आराखडा पहिल्या महिन्यात कोसळतो. म्हणून दुसऱ्या, जिथे काही देणे नाही अशा बँकेत साधे बचत खाते उघडले आणि पगार तिकडे वळवला. त्यानंतर जुन्या खात्यावरची आपोआप होणारी वजावट संस्थांना लेखी कळवून थांबवली. न कळवता नुसते खाते रिकामे ठेवणे धोक्याचे आहे. भारतात वजावटीचा आदेश पैशाअभावी परत गेला तर २००७ च्या देयक प्रणाली कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा ठरू शकतो.

मग पाच पत्रे. प्रत्येकात परिस्थितीचे चार ओळींत वर्णन, उत्पन्न-खर्चाचा तोच तक्ता, सगळ्या कर्जांची यादी आणि प्रत्येकाला मिळणारी रक्कम: पहिल्या कार्डाला ६.५१, दुसऱ्याला ३.९९, तिसऱ्याला २.१०, वैयक्तिक कर्जाला ७.५६, झटपट कर्जाला ०.८४. दुसऱ्या संस्थेला किती मिळते हे प्रत्येकीला दिसले पाहिजे. आपल्यालाच कमी मिळते आहे असा संशय आला की वाटाघाट तिथेच संपते.

दिरांचे १०० नियमाने यादीत यायला हवे होते. नातेवाइकाला गुपचूप आधी पैसे दिले तर बाकीच्यांचा विश्वास जातो. दीर स्वतःच म्हणाले, "माझं सगळ्यांत शेवटी द्या. तोवर विषय नको." त्यांच्याकडून तसे दोन ओळींत लिहून घेतले.

फोन

पत्रे गेली म्हणून तगादा त्या दिवशी थांबत नाही. कार्यालयात असताना फोन आला की बाईंचा आवाज बारीक व्हायचा आणि त्या काहीतरी कबूल करून बसायच्या. म्हणून आम्ही एक संभाषण लिहून काढले आणि त्यांनी ते फोनजवळ ठेवले.

"मॅडम, आज किती भरताय?"

"आज काही नाही. प्रस्ताव तुम्हाला लेखी पाठवला आहे. दर महिन्याच्या ५ तारखेला ठरलेली रक्कम जमा होईल."

"एवढ्याने चालणार नाही. निदान किमान रक्कम तरी भरा."

"त्याहून जास्त कबूल केलं तर मी खोटं बोलेन. जे म्हणायचं आहे ते पत्राने कळवा. तुमचं नाव आणि आजची तारीख मी लिहून घेते."

शेवटचे वाक्य फार उपयोगी पडले. नाव-तारीख लिहिली जाते आहे म्हटल्यावर समोरचा स्वर बहुतेक वेळा बदलतो. फोनच्या वेळांचेही नियम असतात. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास मनाई केली आहे. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने वसुली संस्थांना सकाळी ८ ते रात्री ९ ही मर्यादा घातली आहे. बाईंना रात्री साडेनऊला आलेल्या दोन फोनांची नोंद तक्रारीत जोडली, त्यानंतर रात्रीचे फोन बंद झाले.

कोण काय म्हणाले

पहिल्या आणि तिसऱ्या कार्डाने व्याज आणि दंड पूर्ण थांबवला, कार्डे बंद केली. दुसऱ्याने आधी नकार दिला. तीन महिने ३.९९ न चुकता जमा होताना पाहिल्यावर दर महिना १ टक्क्यावर आणला आणि मधल्या काळातले जास्तीचे व्याज थकबाकीतून वजा केले. वैयक्तिक कर्जाच्या संस्थेने कमी हप्ता स्वीकारला, पण व्याज १.२५ टक्के तसेच ठेवले. झटपट कर्जवाल्यांनी पत्राला उत्तरच दिले नाही. ते देणे त्यांनी वसुली संस्थेला विकले, आणि त्या संस्थेने पहिल्याच फोनमध्ये वाढीव आकारणी सोडून ०.८४ मान्य केले. कारण साधे आहे. असे देणे मूळ रकमेच्या अंशात विकत घेतलेले असते, त्यामुळे नियमित येणारी छोटी रक्कमही त्यांना परवडते.

सगळ्यांनी व्याज थांबवले असते तर १००० ला २१ प्रमाणे ४८ महिने लागले असते. प्रत्यक्षात दोन ठिकाणी व्याज चालू राहिल्याने आणि संपलेल्या कर्जांचे हप्ते उरलेल्यांकडे वळवले जातील हे धरून, हिशेब ६० महिन्यांचा आला. आम्ही त्यांना ६० च सांगितले.

याची किंमतही होती. ठरल्यापेक्षा कमी भरत असल्याने पतनोंदीत थकबाकीचे शेरे पडले. पुढची काही वर्षे नवे कर्ज मिळणार नाही, भाड्याचे घर बदलायचे तर काही ठिकाणी प्रश्न विचारले जातील. बाईंनी हे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "नवं कर्ज मिळत होतं म्हणूनच इथवर आले."

या काळात त्यांना एका खासगी कंपनीचाही फोन आला होता. "सगळं आमच्यावर सोडा, आधी फी भरा, तोवर बँकांना काहीही देऊ नका." पहिल्या काही महिन्यांचे हप्ते फी म्हणून कापून घेणाऱ्या आणि तोवर थकबाकी फुगू देणाऱ्या अशा जाहिरातींपासून लोकांनी दूर राहावे, असे मला कळकळीने वाटते. हे काम मोफत करणारी समुपदेशन केंद्रे अनेक ठिकाणी आहेत, आणि वर सांगितलेली पत्रे माणूस स्वतःही लिहू शकतो.

चोवीस महिने

पहिले दहा महिने सुरळीत गेले. अकराव्यात सासूबाई रुग्णालयात दाखल झाल्या. वेगळ्या ठेवलेल्या दरमहाच्या ४ मधून मोठा भाग निघाला, तरी कमी पडले. जुनी सवय पुन्हा वर आली होती, त्या रात्री एक नवे कर्जाचे अॅप फोनवर उतरवले गेले होते, हे बाईंनी आपणहून सांगितले. ते वापरण्याआधी त्यांनी फोन केला. दुसऱ्याच दिवशी पाचही संस्थांना पत्र गेले: तीन महिने २१ ऐवजी १२, सोबत रुग्णालयाच्या कागदाची प्रत. एकीनेही आराखडा रद्द केला नाही. आधी कळवलेला कमी हप्ता आणि न कळवता चुकलेला हप्ता यांत संस्था खूप फरक करतात.

चोवीस महिन्यांत एकूण ४७७ भरले गेले आणि देणे १००० वरून सुमारे ६६० वर आले. भरलेल्यातले जवळपास १३७ व्याजात गेले, त्यातला मोठा वाटा वैयक्तिक कर्जाचा.

याच सुमारास नवऱ्याचे काम वाढले आणि घरात येणारे उत्पन्न ११२ झाले. खर्चही ५ ने वाढला होता. उरलेल्या ७ पैकी सगळे आराखड्यात टाकावे असा नवऱ्याचा आग्रह होता, लवकर सुटण्याची घाई मला समजत होती. पण अकराव्या महिन्याचा अनुभव ताजा होता. चर्चेअंती ५ आराखड्यात आणि २ राखीव रकमेत, असे ठरले. आता हप्ता २६ आहे आणि या गतीने सुमारे २८ महिने उरतात.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. वैयक्तिक कर्जाच्या संस्थेला व्याज कमी करण्याची विनंती पुन्हा पाठवली आहे. या वेळी सोबत दोन वर्षांची जमा नोंद आणि दुसऱ्या कार्डाने दर उतरवल्याचे पत्र जोडले आहे. उत्तर महिनाभरात अपेक्षित आहे. नकार आला तर वाढीव ५ सगळ्यांत न वाटता त्या एका कर्जाकडे वळवता येतील का, हे बाकीच्या चौघांना विचारावे लागेल. व्याज सोडून देणाऱ्या पहिल्या आणि तिसऱ्या कार्डाचे म्हणणे मी त्यात आधी ऐकून घेणार आहे. दिरांच्या १०० चा हप्ता त्यानंतर ठरेल, तेही त्यांनीच सांगितल्याप्रमाणे.